आयबीएस आणि रोजचे जेवण: साताऱ्यातील एका स्वयंपाकघराच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

दादांच्या पोटाच्या तक्रारींवर रोजच्या जेवणातून काय करता येईल, हे पद्धतशीरपणे तपासण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. आहारशास्त्राचे शिक्षण माझे असले तरी स्वयंपाकघर वहिनींचे आहे, आणि कामानिमित्त कराड, फलटण, वाई असे फिरणे दादांचे. त्यामुळे नोंदी मी ठेवायच्या, पदार्थ वहिनींनी ठरवायचे आणि कोणताही बदल तिघांच्या संमतीनेच करायचा, असे आधीच ठरवून घेतले.

निदान डॉक्टरांनी केलेले आहे: इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, आणि त्यातही मिश्र प्रकार. दादांना काही दिवस पातळ शौचाला अनेकदा जावे लागते, तर काही दिवस अजिबात होत नाही. आयबीएसच्या निदानासाठी २०१६ मध्ये ठरलेल्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखलेले असावे लागते. त्या दुखण्याचा शौचाशी असलेला संबंध, शौचाच्या वेळांत पडलेला फरक आणि मळाच्या स्वरूपात झालेला बदल, यांपैकी किमान दोन गोष्टी त्यासोबत असाव्या लागतात. शिवाय तक्रारीची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते. दादांच्या बाबतीत हे सगळे जुळते.

रक्ताची तपासणी, थायरॉइड, सिलिअॅक रोगाची (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या रोगाची) चाचणी आणि मळातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन) या चाचण्या झाल्या असून त्यांत दोष आढळलेला नाही. याची मुद्दाम नोंद करते, कारण आपल्याकडे आतड्यांचा क्षय किंवा जिआर्डियासारखा परजीवीही अशाच तक्रारी घेऊन येऊ शकतो. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आहारात बदल करत बसण्याआधी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. सिलिअॅकची चाचणीसुद्धा गहू खाण्यात असतानाच करावी लागते. गहू आधी सोडला आणि मग चाचणी केली, तर निकालावर विसंबता येत नाही.

गेल्या काही वर्षांत दादांनी एकेक पदार्थ सोडत आणला आहे. आधी दूध गेले, मग डाळी, मग पालेभाज्या, मग फळे. आता बाहेरगावी असले की ते चहा आणि खारीवर दिवस काढतात, आणि खारी म्हणजे मैदा आणि भरपूर वनस्पती तूप. दादांच्या या वर्ज्य पदार्थांच्या यादीत भर घालण्यासाठी मी हे काम घेतलेले नाही. ती यादी जितकी लहान करता येईल तितकी करायची, हाच या प्रकल्पाचा उद्देश आहे.

९ जानेवारी २०२५

रोजनिशीचा तक्ता तयार केला. त्यात वेळ, पदार्थ, वाटीच्या मापाने प्रमाण, पोटदुखी शून्य ते दहा, पोट फुगणे, मळाचे स्वरूप, झोप आणि प्रवास असे रकाने आहेत. मळाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरत आहोत. त्यात सात प्रकार असतात: पहिला सुट्या कडक खड्यांचा, चौथा मऊ व सलग, सातवा पूर्ण पाण्यासारखा. असे लिहायला दादांना पहिल्यांदा संकोच वाटला, पण नुसता आकडा लिहायचा असल्याने तो लवकर गेला.

या तक्त्यातून मला सर्वांत आधी एक गोष्ट तपासायची आहे. पोटात कळ आली की माणूस शेवटच्या घासाला दोष देतो. सकाळी चहा प्यायल्यावर लगेच जावे लागते, म्हणून चहाच वाईट, असे दादांचे मत आहे. परंतु पोटात काहीही गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते, हा शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद आहे, आणि आयबीएसमध्ये तो अधिक तीव्र असतो. जे पदार्थ आंबून गॅस करतात त्यांना मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे सकाळच्या त्रासाचे कारण रात्रीच्या जेवणात शोधावे लागते, आणि त्यासाठी वेळेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

१४ जानेवारी २०२५

काल भोगी होती. वहिनींनी नेहमीप्रमाणे ओले हरभरे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, बोरे आणि तिळाचे कूट घालून भाजी केली होती. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. हे दिवस अजून निरीक्षणाचे असल्याने मी काही सुचवले नाही. दादा दोन वाट्या भाजी जेवले. रात्री उशिरा पोट फुगायला लागले, पहाटे कळा सुरू झाल्या, आणि आज सकाळच्या रकान्यात सहा आणि सात हे दोन्ही आकडे आले आहेत.

दादांनी दोष बाजरीला दिला, कारण बाजरी ‘उष्ण’ असते. माझे लक्ष मात्र भाजीकडे आहे. हरभरा, पावटा आणि घेवडा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या पचवणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर जगतात आणि गॅस तयार होतो. हे प्रत्येकाच्या पोटात घडते, वहिनींच्याही पोटात काल घडले असणार. आयबीएस असलेल्या माणसाच्या आतड्यातील संवेदना अधिक तीव्र असते. आतड्यात फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत अशा अनेक रुग्णांना इतरांपेक्षा कमी ताणालाच वेदना होते, असे दिसलेले आहे. त्यामुळे ‘सगळ्यांनी तीच भाजी खाल्ली, मग यांनाच कसे झाले?’ या घरातल्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मी आज सर्वांसमोर सांगितले. दादांचे दुखणे खरे आहे, हे घरात स्पष्टपणे बोलले जाणे मला गरजेचे वाटले.

२० जानेवारी २०२५

पहिला टप्पा आज सुरू केला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या फॉडमॅप पद्धतीचा आधार घेतला आहे. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या शर्करांच्या समूहाला फॉडमॅप हे नाव २००५ साली दिले गेले. गहू, कांदा, लसूण यांतील फ्रुक्टान, कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातील लॅक्टोज, आंबा-सफरचंद-मध यांतील जादा फ्रुक्टोज, आणि फुलकोबी, अळंबी यांतील मॅनिटॉलसारखे पॉलिऑल हे त्यात मोडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोनॅशच्या एका चाचणीत आयबीएसच्या ३० रुग्णांना कमी फॉडमॅपचे आणि नेहमीचे अशा दोन्ही तऱ्हेचे जेवण प्रत्येकी २१ दिवस देण्यात आले होते, आणि कमी फॉडमॅपच्या काळात त्यांच्या तक्रारींची तीव्रता जवळपास निम्मी झाली होती.

हा कपातीचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, आणि आम्ही चार आठवडे ठरवले आहेत. त्याहून जास्त काळ तो ओढू नये, कारण आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियासारख्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्यही याच शर्करा असतात आणि कडक पथ्यात त्यांची संख्या घटते.

सातारा हा ज्वारीचा मुलूख असल्याने पोळीला पर्याय शोधावाच लागला नाही. सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, भात, कधी तांदळाचे घावन. भाज्यांत दुधी, दोडका, भेंडी, वांगी, गाजर, बटाटा. तुरीच्या डाळीऐवजी मुगाची डाळ अर्धी वाटी, पातळ वरणासारखी. शेंगदाणे चालतात, अंडी आणि मासे यांत या शर्करा नसतातच. फळांत पपई, संत्रे, आणि केळे घ्यायचे तर कडकसर, कारण केळे जास्त पिकले की त्यातील फ्रुक्टान वाढतात. न्याहारीला कांदेपोहे न करता बटाटेपोहे. हे सगळे वहिनींनी पंधरा मिनिटांत ठरवून टाकले.

२३ जानेवारी २०२५

मसाल्याचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे सर्वांत अवघड निघाला. आमच्याकडे कांदा-लसूण मसाला घातल्याशिवाय कालवण होत नाही. नुसता फोडणीतला कांदा टाळून इथे काही साधत नाही, कारण डब्यातल्या प्रत्येक चमच्यात सुकवलेला कांदा आणि लसूण आहेच, आणि सुकल्यामुळे त्यांतील फ्रुक्टान वजनाच्या मानाने अधिक एकवटलेले आहेत. पुस्तकी सल्ल्यात ‘कांदा-लसूण टाळा’ असे एका ओळीत लिहिलेले असते. साताऱ्याच्या घरात ती एक ओळ पाळायची तर वर्षभराचा मसाला बाजूला ठेवावा लागतो.

म्हणून आज वहिनींनी थोडा वेगळा मसाला केला. ब्याडगी मिरची रंगासाठी अधिक आणि संकेश्वरी तिखटपणासाठी निम्म्याहून कमी, कारण तिखटातील कॅप्सायसिनही आतड्यातील वेदनेच्या संवेदकांना चेतवते. धणे, जिरे, तीळ, किसून भाजलेले सुके खोबरे, थोडी खसखस, दालचिनी, लवंग, दगडफूल, आणि शेवटी तेलात फुलवलेला हिंग. खोबरे भाजताना त्याचा रंग पोळीवरच्या डागासारखा झाला की वहिनी लगेच कढई उतरवतात, आणि त्या भाजण्यातूनच मसाल्याला ती खमंग खोली येते जी एरवी कांद्यामुळे येते असे आम्ही समजत होतो. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. चिमूटभर वापरात आयबीएससाठी त्याने फरक पडत नाही, परंतु सिलिअॅकच्या रुग्णाने मात्र डब्यावरचे घटक वाचलेच पाहिजेत.

लसणासाठी एक उपाय आहे, आणि तो आपल्या फोडणीत आयताच बसतो. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात मंद आचेवर परतून सोनेरी झाल्या की झाऱ्याने सगळ्या काढून घ्यायच्या आणि त्यानंतरच भाजी किंवा डाळ घालायची. क्रम मात्र कटाक्षाने पाळायचा, कारण लसूण कढईत असताना पाणी किंवा रसदार भाजी पडली तर फ्रुक्टान त्या पाण्यात उतरतात. हे तेल रोजच्या रोज ताजे करायचे. लसूण घातलेले तेल बाहेर साठवले तर त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढण्याचा धोका असतो. आज दुधीची भाजी अशा फोडणीची झाली. दादांनी लसूण घातला आहे का, असे दोनदा विचारले आणि आणखी एक भाकरी घेतली.

३ फेब्रुवारी २०२५

पोट फुगण्याचे आकडे स्पष्टपणे खाली आले आहेत. गहू थांबल्यावर मात्र बद्धकोष्ठाचे दिवस वाढले. त्यावर कोणी गव्हाचा कोंडा सुचवेल, पण कोंड्यातील अविद्राव्य तंतू आयबीएसमध्ये पोटदुखी वाढवू शकतात. विद्राव्य तंतूंसाठी इसबगोल सुरू केले आहे. आधी एक चमचा, मोठ्या पेल्यातील पाण्यात घालून लगेच प्यायचे, कारण ते थांबले की घट्ट होते. इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवायचे, आणि दिवसभर पाणी पुरेसे प्यायचे. आठवड्याने मात्रा वाढवायची, एकदम नाही.

१० फेब्रुवारी २०२५

फलटणच्या फेरीच्या दिवशी दुपारचे जेवण चार वाजता झाले आणि त्या रात्री पुन्हा कळा आल्या. जेवणात वर्ज्य असे काहीच नव्हते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक वेळी जेवणे, जेवण न चुकवणे, सावकाश खाणे आणि चहा-कॉफी तीन कपांपर्यंत ठेवणे हे अगदी आरंभीचे सल्ले आहेत. फॉडमॅपच्या तक्त्यांपुढे लोकांना ते किरकोळ वाटतात. माझ्या मते फिरतीच्या माणसासाठी तेच पहिले काम आहे. आता दादा डबा नेतात: भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची लसूण नसलेली चटणी. डबा शक्य नसेल त्या दिवशी इडली आणि थोडी खोबऱ्याची चटणी, सांबार नको, कारण त्यात तूरडाळ आणि कांदा दोन्ही येतात. वडापाव तूर्त बाजूला ठेवला आहे. त्यात बेसन, पाव, लसणाची चटणी आणि तळण हे चारही एकाच घासात असतात, त्यामुळे त्रास झाला तरी त्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही.

१७ फेब्रुवारी २०२५

दुसरा टप्पा, म्हणजे पदार्थ परत आणण्याचा, आज सुरू झाला. दादा आता बरे आहेत आणि त्यांना पुढे काही बदलायचे नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि म्हणूनच त्यांचे पथ्य आयुष्यभराचे होऊन बसते. मी दादांना एवढेच सांगितले की पोळी, उसळ आणि दूध यांपैकी काय चालते हे ठाऊक झाल्याशिवाय लग्नकार्यात, पंगतीत ते मोकळेपणाने बसू शकणार नाहीत. ते पटले.

पद्धत अशी: एका वेळी एकाच शर्करागटातला एक पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, बाकीचे जेवण पहिल्या टप्प्यातलेच. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा पदार्थ. त्रास झाला तर तिथेच थांबायचे आणि प्रमाण लिहून ठेवायचे.

सुरुवात पोळीने केली. पहिल्या दिवशी अर्धी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन.

२१ फेब्रुवारी २०२५

एका जेवणात दोन लहान पोळ्या विनातक्रार पचल्या. दादांना वाटत होते की त्यांना ग्लुटेन बाधते. नॉर्वेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्लुटेन बाधते असे मानणाऱ्या ५९ लोकांना कळू न देता ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेले पदार्थ दिले असता त्रास फ्रुक्टानने वाढला होता, ग्लुटेनने नाही. फ्रुक्टान असतील तर प्रश्न प्रमाणाचा उरतो, आणि गव्हाशी कायमचे वैर धरण्याचे कारण राहत नाही. पोळी यादीतून निघाली.

२७ फेब्रुवारी २०२५

काल महाशिवरात्रीचा उपवास होता. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा यांत फॉडमॅप कमी असले तरी दिवसभर उपाशी राहून एकदम तुपातली खिचडी भरपूर खाल्ली, तर तेवढी स्निग्धता आतड्याची हालचाल वाढवण्यास पुरेशी असते. वहिनींनी वरीचा भात, शेंगदाण्याची पातळ आमटी आणि पपई असे तीन वेळांत विभागून दिले. त्रास झाला नाही.

१० मार्च २०२५

दुधाची चाचणी पूर्ण झाली. गाईच्या दुधात १०० मिलीमागे सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असते. दादांना चहातले दूध चालते, अर्धा कप चालते, पूर्ण पेला दुधाने मात्र दोन तासांत पोट गुडगुडू लागते. दही लावल्यावर लॅक्टोजचा काही भाग जिवाणू वापरतात, आणि ताकात पाणी मिसळल्याने प्रमाण आणखी उतरते, त्यामुळे जेवणानंतरचे वाटीभर ताक पुन्हा सुरू झाले. वर्षानुवर्षे सोडलेली ही गोष्ट परत मिळाल्याचा दादांना झालेला आनंद पाहून या कामाचे चीज झाले असे वाटले.

२४ मार्च २०२५

कडधान्यांवर बराच वेळ दिला. मूग आणि मसूर अर्धी वाटी व्यवस्थित. मटकी रात्रभर भिजवून, पाणी टाकून, मोड आणून, पुन्हा पहिले उकळीचे पाणी टाकून केली तर पाऊण वाटीपर्यंत चालते. मोड येताना त्या शर्करांचा काही भाग अंकुर स्वतः वापरतो, आणि काही भाग टाकलेल्या पाण्यात जातो. ‘पाण्याबरोबर सत्त्व जाते’ हा घरातल्या थोरांचा आक्षेप चुकीचा नाही, कारण पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वे त्याबरोबर जातातच. पण अजिबात उसळ न खाण्यापेक्षा असे करून खाल्लेली उसळ चांगली, असे मी ठरवले आहे. हरभरा आणि पावटा तूर्त नाही.

कांद्याची चाचणी लवकर थांबवावी लागली. शिजवलेला कांदा चमचाभराच्या पुढे गेला की कळा येतात. पातीच्या कांद्याची हिरवी पात मात्र चालते, कारण फ्रुक्टान पांढऱ्या भागात असतात. झुणक्याऐवजी पातीची पीठ पेरून भाजी करताना वहिनी आता बेसन कमी आणि ज्वारीचे पीठ अधिक घेतात.

३० मार्च २०२५

आज गुढीपाडवा. पुरणपोळीचा विचार आधीच करून ठेवला होता. हरभऱ्याची डाळ शिजवून तिचा कट काढला जातो, तेव्हा पाण्यात विरघळणाऱ्या शर्करांपैकी बराच भाग कटात उतरतो. म्हणजे पुरणापेक्षा कटाची आमटीच दादांसाठी जड, त्यातच कांदा-लसूण मसाला. डाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवून कट पूर्ण निथळून घेतला. दादांनी एक लहान पुरणपोळी तुपाबरोबर घेतली, दूध घेतले नाही, आमटीऐवजी मुगाचे वरण घेतले. रात्री नोंदलेला पोटदुखीचा आकडा एक आहे.

१२ मे २०२५

हापूसची चाचणी झाली. दोन-तीन फोडी जेवणात चालतात, वाटीभर आमरसाने पोट फुगते. रस आणि पोळी एकाच जेवणात असेल तर पोळी एकच घ्यायची, कारण निरनिराळ्या शर्करांचा भार एकत्र मोजावा लागतो.

वर्षाचा मसाला डंकावर जाण्यापूर्वी वहिनींनी मिरच्या दोन ढिगांत वेगळ्या काढल्या आहेत. घराच्या मसाल्यात नेहमीप्रमाणे कांदा-लसूण पडेल, दादांचा मसाला जानेवारीच्या प्रमाणाने वेगळा कुटला जाईल आणि आधी कुटला जाईल, म्हणजे डंकातला कांदा-लसूण त्यात मिसळणार नाही. यादीवर आता कांदा, लसूण, हरभरा, पावटा आणि पेलाभर दूध एवढेच राहिले आहे. सहनशक्ती काळाप्रमाणे बदलते, म्हणून हरभऱ्याची आणि कांद्याची चाचणी दिवाळीनंतर पुन्हा घ्यायची, असे तक्त्याच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.